उशिरा गळलेला मोहा

मोहा गळायला लागला की तो सगळ्यात आधी माझ्या मनगटांना कळतो, असं आमच्या घरातली माणसं पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगतात. तसं काही नाही. तो मला नाकानंच कळतो, साऱ्या गावाला कळतो तसा. होळी होऊन गेलेली असते, दुपारी ऊन टोचायला लागलेलं असतं, पण पहाटे अजून पांघरूण लागतं. अशाच एका सकाळी दार उघडावं तर गोडसर, किंचित आंबूस, जड वास घरात शिरतो आणि दिवसभर हलत नाही. चार दिवसांपूर्वी तो आला. मी चहाचं आधण ठेवत होते. हात आपोआप थांबले आणि एकमेकांची बोटं चोळू लागले. बहुधा हे पाहूनच घरच्यांनी ती मनगटाची गोष्ट रचली असावी.

माझं लहानपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. भोंग्यावर चालणारी घड्याळं, बाबांना नेणारी फॅक्टरीची बस, मेंदीची कुंपणं. मोहाचं एक झाड आमच्या रस्त्याच्या वळणावरही होतं. त्याची फुलं पडली की रस्ता चिकट होई आणि आम्ही नाकं मुरडत सायकली बाजूनं काढायचो. झाडणाऱ्या बाया मात्र तीच फुलं पदरात बांधून घरी नेत. का नेत, हे मला लग्न होऊन नाकाडोंगरीला आल्यावर समजलं. इथे मोहाला मालक असतो. जंगलाकडच्या धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, अमकं झाड अमक्याचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आमची तीन झाडं. नाल्यापलीकडच्या आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर एक मोठं, जुनं, आणि त्याच्यापासून हाकेवर दोन लहान.

सासूबाईंचं माहेर पूर्वी आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया वेगळा झाला तेव्हा ते पलीकडे गेलं. "मी अथीच हाय बाई, मायबापच दुसऱ्या जिल्ह्यात गेले," असं त्या हसत सांगायच्या. बाई उंच, हाडकुळी, आवाज असा की बांधीतून हाक मारली तर घरातली मांजर उठून बसावी. हात कधी रिकामा नाही. बोलताना काहीतरी निवडत असायच्या, निवडायला काही नसेल तर चटईच्या काड्या सारख्या करत असायच्या. मला त्यांचा धाक होता, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. त्यांच्यासमोर मी नेहमी हळू वाटायचे.

लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि धानाच्या रोवण्याच्या दिवसांनंतर माझी बोटं सुजली. आधी वाटलं, चिखलाची सवय नाही म्हणून. मग मनगटं धरली, मग पायाचे चवडे. दुपारी बरं वाटे, पण सकाळी हात उघडत नसत. भिजून वाळलेल्या सुतळीसारखी बोटं आखडलेली असत, आणि त्यांना उलगडायचं म्हणजे एकेकीची मनधरणी करावी लागे. वेणी घालता येईना, लोटा उचलता येईना. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात नव्हे, हा आमवात. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली, ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही असं बजावलं. मी विचारलं, कधी बरं होईल. ते म्हणाले, जाईल असं सांगत नाही, पण ताब्यात राहील. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

"ताब्यात राहील" हे शब्द गावात कुणाला पटण्यासारखे नव्हते. दुखणं एक तर जातं नाही तर माणूस जातो, मधली जागा कुणाला ठाऊक नव्हती. मग जो तो मला बरं करायला निघाला. निर्गुडीचा पाला उकळून वाफ घ्या. मिठाची पोटली तव्यावर गरम करून शेका. आणि पथ्यं तर किती! शेजारच्या गिरजाबाईंनी वांगं बंद केलं. त्यांच्या जावेनं टमाटर बंद केले. दही बंद, चिंच बंद, उडीद बंद. लाखोरीची डाळ तर पहिल्याच दिवशी घरातून हद्दपार झाली, कारण लाखोरीनं पाय जातात हे आमच्या भागात पोरासोरांना माहीत. डॉक्टर पुढच्या खेपेला म्हणाले की लाखोरीचं दुखणं निराळं, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण तोवर सगळ्या घरानं माझ्यासाठी लाखोरी सोडली होती आणि सासऱ्यांचा चेहरा उतरला होता. शेवटी कुणीतरी भातही थंड म्हणून बंद करायला सांगितलं. भंडाऱ्यात भात बंद केला तर खायचं काय, हे त्या माणसानं सांगितलं नाही. मी वाळत चालले आणि तब्येत होती त्याहून बिघडली.

सासूबाईंचा तेलावर विश्वास होता. टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्याच बियांचं, तुपासारखं थिजणारं. रात्री जेवणं झाली की त्या ते वाटीत कोमट करत आणि माझे हात मांडीवर घेत. सुरुवातीला त्या इतक्या जोरात चोळत की डोळ्यांत पाणी येई. सूज असताना रगडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मी भीत भीत बोलले, तेव्हा त्या नुसतं तेल लावून माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसल्या. त्या दिवसापासून तसंच. त्या तेलाचा गुण किती आणि धरणाऱ्या हातांचा किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. उतार तासा-दोन तासांचा असे, पण तेवढ्यात झोप लागून जाई.

गोळी सोडून दे, नुसतं झाडपाल्यावर राहा, असंही कुणी कुणी सुचवून गेलं. नवरा खाणीत कामाला, तो शिफ्ट करून थकून येई आणि म्हणे, आई म्हणते ते कर. सासूबाई म्हणाल्या, "गोळी बी घे, तेल बी लाव. आपल्याले कोनाची वकिली करायची नाही." गोळी चुकू नये म्हणून त्यांनी ती बाजाराच्या दिवशी घ्यायची ठरवली. बाजाराला निघताना पिशवी काखेत मारून त्या उंबऱ्यात थांबत, मी गोळी गिळलेली डोळ्यांनी पाहत आणि मग निघत.

त्या फाल्गुनात मोठ्या ताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माहेरपणाला आल्या. वाईट बाई नव्हत्या. आई एकटीच राबते हे त्यांना बघवत नव्हतं. मी ओसरीवर पायाचे चवडे चोळत बसले होते आणि आत बोलणं चाललं होतं, दाराला फडकं असून काय उपयोग.

"आई, तिले माहेरी पाठवून दे," ताई म्हणत होत्या. "बरी झाली का आणजो. आता मोहा लागन. घरात दोन बाया अन् वेचाले एकटी तूच. तुह्यानं किती होईन?"

मग सासूबाईंचा आवाज आला, "मोहा होऊन जाऊ दे. मंग पाहू."

बरी झाली का आणजो. ते वाक्य कानात घेऊन मी बसून राहिले. मला डॉक्टरांचे शब्द पाठ होते. मी बरी होणार नव्हते, ताब्यात राहणार होते. म्हणजे एकदा माहेरी गेले की आणायचा दिवस उगवणारच नव्हता. तशी एक बाई आमच्या क्वार्टरच्या ओळीत होती, भावाच्या घरी पाणी भरत म्हातारी झाली. नवरा माझ्याशी प्रेमानं वागत होता, पण तो घरात बोलणाऱ्यांपैकी नव्हता. चौदा एप्रिलला, जयंतीला, बाबा भेटायला येणार होते. मोहा तोवर आटोपतो. तेव्हा मला पिशवी भरावी लागणार की नाही, हे त्या मोसमावर ठरायचं होतं. मी मनाशी म्हटलं, काहीही होवो, मोहा वेचायचा.

पण मोहाची गंमत अशी की तो पहाटेच गळतो. अंधार फिटायच्या आधी झाडाखाली जावं लागतं, नाहीतर गुरं-शेळ्या, चितळं, डुकरं सगळा फन्ना उडवतात. आमच्याकडच्या जंगलात अस्वलालाही मोहाचं भारी वेड. बाया चांदण्या असताना टोपल्या घेऊन निघतात, ऊन चढेपर्यंत कंबरेत वाकून एकेक फूल उचलतात. आणि माझे हात नेमके त्याच वेळी मिटलेले. दिवसातली जी घटका मोहाची, तीच माझ्या दुखण्याची. पहिल्या दिवशी मी हट्टानं गेले. फूल मऊ, रसाळ, बोटांच्या चिमटीत धरायचं असतं. माझ्या चिमटीत ते येईना. आलं तर चेंगरे. उजाडेपर्यंत टोपलीचा तळही झाकला नव्हता. पलीकडच्या झाडाखालून गिरजाबाई बघत होत्या. घरी येऊन मी चुलीपुढे रडले, धुराचं निमित्त होतंच.

दुपारी सासूबाईंनी पेटी उघडून जुनी लुगडी बाहेर काढली, विरलेली, ठिगळं लावलेली, आणि दाभणानं एकमेकांना जोडत बसल्या. आमच्याकडे झाडाखालचा पाला पेटवून जागा काळी, स्वच्छ करतात, म्हणजे पिवळी फुलं चटकन दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललेलं. सासूबाईंनी त्या संध्याकाळी मोठ्या झाडाखाली लुगडी अंथरली आणि कडांवर दगड ठेवले. आता हिरव्या जाळ्या आल्यात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तेव्हा सगळं गाव हसलं.

"काय वो बाई, मोहाले लुगडं नेसवलं का?" गिरजाबाईंनी विचारलं.

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "लगन हाय त्याचं. तू बी येजो जेवाले."

मला मात्र त्यांनी घरी बजावलं. "यंदा मोहा उशिरा गळून राहिला. थंडी हाय ना अजून. तू घाई नोको करू. ऊन ओसरीवर आलं का ये."

मी जवाहरनगरची. मला काय कळतं मोहाचं? मी विश्वास ठेवला.

त्या मोसमातल्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. जाग आली की चुलीच्या गरम राखेत पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, झाकून ठेवलेला असे. सासूबाई केव्हाच गेलेल्या. मी त्या पाण्यात हात बुडवून बसायची. आधी करंगळी हले, मग शेजारची, अंगठा सगळ्यांत शेवटी. मग नाल्याच्या वाटेनं सावकाश चालत निघायची, मुठी उघडत-मिटत. टोपली बोटांत न धरता कोपरात अडकवायला मी तिथेच शिकले. डॉक्टर चालायला सांगत, सकाळचं ऊन घ्यायला सांगत, हात हलते ठेवायला सांगत. हे सगळं घरात कुणी मला करूही दिलं नसतं. मोहानं ते करून घेतलं. झाडाखाली पोचेपर्यंत हात माझे झालेले असत. लुगड्याचा काठ उचलायचा, फुलं घरंगळत मधे येत, मग ओंजळीनं टोपलीत. चिमटीची गरजच नाही. सासूबाई तेव्हा लहान झाडाखाली वेचत असत आणि लांबूनच म्हणत, "आताच पडले पाहा." गिरजाबाईंच्या अंगणावरून भरलेली टोपली डोक्यावर घेऊन जाताना माझी मान किती ताठ असायची म्हणून सांगू!

एक गोष्ट मला रोज दिसे. सगळ्या लुगड्यांवर फुलं सारखी सांडलेली असत, फक्त बुंध्याच्या उजवीकडे, निळ्या काठाच्या लुगड्यावर, पाटाएवढी जागा रिकामी. एकही फूल नाही. मला वाटे, वरची फांदी वांझ असेल. एकदा मान वर करून पाहिलं तर तिथेच फांदी सगळ्यांत लगडलेली.

मग एका पहाटे दुखण्यानं लवकर जाग आली आणि पडून राहवेना. गंज राखेत होता, अंथरूण रिकामं होतं. मी तशीच आखडलेल्या हातांनी नाल्याकडे चालत गेले. झुंजुमुंजू झालं होतं. वळणावरून मोठं झाड दिसतं. त्याखाली, निळ्या काठाच्या लुगड्यावर, सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर काठी, बाजूला वाजवायचा पत्र्याचा डबा. मोहा गळत होता, टप टप, त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, पदरात. शेळ्या जवळ आल्या की त्या डबा वाजवत. आणि हात? हात मांडीत, एकावर एक, नुसते ठेवलेले. आयुष्यात ज्यांना मी रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं त्या बाई सगळीकडे फुलं पडलेली असताना एकही फूल उचलत नव्हत्या. तेवढ्या वेळात त्यांनी सगळं झाड वेचून घरी नेलं असतं. तिकडे लहान झाडांखाली कुणाच्या तरी गाई शिरल्या होत्या आणि निवांत चरत होत्या. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. पण उठल्या असत्या तर इकडे शेळ्या आल्या असत्या.

मी पुढे गेले नाही. मागच्या मागे घरी आले, गंजात हात घातले. पाणी कोमट होतं. खूप वेळ मी ते हात पाण्याबाहेर काढलेच नाहीत.

नंतर कितीदा तरी मी त्याचा विचार केला. त्यांना माझी बाजू राखायची होती तर सोपा रस्ता होता. सगळा मोहा स्वतः वेचायचा आणि ताईंना सांगायचं, सुनेनं वेचला. एका खोट्यात काम भागलं असतं. पण त्यांना ते खोटं नको होतं. मी वेचलेला मोहा खरंच मी वेचलेला असावा, एवढ्यासाठी त्या पहाटेचं खोटं रोज नव्यानं बोलत होत्या आणि लहान झाडांचं नुकसान डोळ्यांदेखत सोसत होत्या. इतके दिवस त्यांनीही सगळ्यांसारखा माझे हात बदलायचा प्रयत्न केला होता, तेलानं, वाफेनं, पथ्यानं. ते हात जसे आहेत तसे राहणार हे घरात सगळ्यांत आधी त्यांनी मान्य केलं. मग त्यांनी हात सोडून कामच बदललं. मला वाटतं, माझा उतार तिथून सुरू झाला. गोळीचा गुण यायलाही तेवढेच महिने लागतात असं डॉक्टर म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. आपल्याला कुणाची वकिली करायची नाही.

त्या सकाळी मी नेहमीच्या वेळी, ओसरीवर ऊन आल्यावर, परत गेले. "आज लयच उशिरा गळला," लहान झाडाखालून सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "हो आई." आणि लुगड्याचा काठ उचलला.

जयंतीला बाबा आले. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा डबा. अंगणात मोहा वाळत पडलेला, मनुकांसारखा तांबूस झालेला. मोठ्या ताईही आल्या होत्या. जय भीम झालं, चहा झाला, आणि ताईंनी हळूच विषय काढला, की चार महिने माहेरी राहिली तर पोरीला आराम पडेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला न्यायच्या तयारीनं आले होते, हे दिसत होतं.

सासूबाई सुपात काहीतरी पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच बाबांना म्हणाल्या, "इवाई, कायले नेता तिले? हा मोहा पाहा. याच्यातला अर्धा तिच्या हातचा हाय. ते गेली त मी एकटी काय करू?"

ताईंनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "एवढा वेचला?" त्यांनी मलाच विचारलं. मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "मंग राहू द्या." बाबांनी मिठाईचा डबा उघडला. आत जाऊन मी भांडी घासायला घेतली आणि गिरजाबाईंनी बंद केलेलं वांगं त्या संध्याकाळी घरात पुन्हा शिजलं.

आता माझी दोन बोटं वाकडी आहेत, पण कामाची आहेत. गोळी अजून बाजाराच्या दिवशीच घेते. सकाळी हात आखडतात ते चहा होईपर्यंत, फार तर थंडीत थोडं जास्त. थकले की थांबायला शिकले, ते सगळ्यांत कठीण गेलं. कुणी पोरगी सुजलेली बोटं दाखवायला आली तर मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवते, मग गरम पाण्याचं सांगते, मग तेल देते. आणि तिच्या घरी कोण आहे ते विचारते.

सासूबाई थकल्यात. त्यांचे गुडघे गेले, आवाज मात्र शाबूत. यंदा त्या म्हणत होत्या, आता माझ्यानं कुठला मोहा होते. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसल्या. चटईच्या काड्यांनाही हात लावला नाही.

परवा रात्री मी त्यांना सांगितलं, यंदा मोहा उशिरा गळतोय, ऊन ओसरीवर आलं की या. काल अंधारातच मी उठले. गंज राखेत झाकून ठेवला आणि नाल्यापलीकडे गेले. जाळ्या आल्या तरी आम्ही अजून लुगडीच अंथरतो. डबा जवळ घेऊन बसले. शेळ्या आल्या, हाकलल्या. मोहा अंगावर पडत राहिला. समोर एवढं पडलेलं असताना हात मांडीत ठेवून बसणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. ऊन चढलं आणि वळणावर काठीचा आवाज आला, तशी मी उठले, पदरातली फुलं टोपलीत टाकली आणि लहान झाडाखाली जाऊन वेचू लागले.

सासूबाई आल्या, काठीवर रेलून थांबल्या.

"आज उशिराच गळला, आई," मी लांबून म्हटलं.

त्यांनी लुगड्यांवर नजर फिरवली. बुंध्याच्या उजवीकडे पाटाएवढी जागा रिकामी होती. तिच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "थंडी होती ना."

मग काठी टेकत टेकत गेल्या, त्या रिकाम्या जागेवर सावकाश बसल्या, आणि हात पुरेल तिथवरची फुलं वेचायला लागल्या.